रामानुजन–हार्डी सहकार्य कादंबरीकारांनी रचलेलं नाही

२२ डिसेंबर, म्हणजे गणितज्ञ रामानुजन यांची जयंती, जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो. रामानुजन यांना नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं सांगायची, केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी त्यांवर आपलं नाव लावलं, आणि दोघांचं सहकार्य ही कादंबरी-सिनेमावाल्यांनी रंगवलेली गोष्ट, असा त्याचा सूर. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद कल्पित असतात, ते असणारच. सहकार्य मात्र छापील कागदावर आहे.

आधी नाव लावण्याचा आरोप. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीने ‘हायली कॉम्पोझिट’ संख्यांवरचा (आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या) प्रदीर्घ निबंध छापला, तो एकट्या रामानुजन यांच्या नावाने. त्याच कामावर केंब्रिजने १९१६ मध्ये त्यांना पदवी दिली. त्याआधी १९११ मध्येच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांचा बर्नुली संख्यांवरचा (गणितातली एक प्रसिद्ध संख्यामालिका) निबंध आला होता. दुसऱ्याचं काम ढापणारा माणूस त्याला स्वतंत्र निबंध छापू देईल का?

देवीचं म्हणाल, तर रामानुजन स्वतःच तसं सांगत आणि त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. पण त्या श्रद्धेआड त्यांची मेहनत झाकली जाते, याचा मला राग येतो. कागद महाग म्हणून ते पाटीवर गणित करत, कोपराने पुसत, आणि फक्त उत्तर वहीत उतरवत. हार्डींना लिहिलेल्या १६ जानेवारी १९१३ च्या पत्रात मूळ संख्यांबद्दल त्यांनी जे दावे केले, त्यांतले काही चुकीचे होते. तिथे सिद्धतेचा आग्रह धरणारा हार्डींसारखा माणूस लागणारच होता.

दोघांची खरी ताकद दिसते ती १९१८ च्या त्यांच्या संयुक्त निबंधात. प्रश्न असा: एखादी संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे फोडता येते? ४ ही संख्या पाच प्रकारे फोडता येते: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. मग २०० किती प्रकारे? गणितज्ञ मॅकमहॉन यांनी हाताने आकडेमोड करून उत्तर काढलं: ३९,७२,९९,९०,२९,३८८. दोघांच्या सूत्राची फक्त आठ पदं घेतली, तर फरक पडला ०.००४ इतकाच! इतकं नेमकं सूत्र असलंच पाहिजे, हा हट्ट रामानुजन यांचा. ते सिद्ध करायला लागलेलं संमिश्र चलांचं, म्हणजे −१ च्या वर्गमुळावर बांधलेल्या संख्यांचं, विश्लेषण हार्डींच्या हातातलं. यातला एक जण वगळून तो निबंध लिहून दाखवा.

हार्डींना दोष द्यायचाच, तर वेगळ्या गोष्टीचा द्यावा. १९३७ मध्ये गणितज्ञ राडेमाखर यांनी याच प्रश्नाचं पूर्ण अचूक सूत्र दिलं. गणितज्ञ सेल्बर्ग यांच्या मते हार्डींनी रामानुजन यांच्या अंदाजावर आणखी विश्वास टाकला असता, तर ते दोघांनाच मिळालं असतं.