"पीडीएफ पाठव ना!"

परत तेच. शनिवारचा रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, पुस्तकातल्या नियमांनी गोष्ट रंगवायचा खेळ) ठरला, ग्रुपवर मेसेज टाकला की पाचव्या मिनिटाला रिप्लाय, "पीडीएफ पाठव ना". अरे, ज्याने ते नियमांचं पुस्तक लिहिलंय त्याच्या हातात मुळात पडतं किती? ड्राइव्हथ्रूआरपीजी या अशी पुस्तकं विकणाऱ्या साइटवर विकलं तर साइट 30-35 टक्के कापून घेते, उरलेल्यात चित्रकार, एडिटर, लेआउटवाला सगळ्यांचं भागवायचं, आणि या धंद्याची खरी गोची म्हणजे टेबलावर बसणार सहा जण पण पुस्तक घेणार एकटा जीएम, म्हणजे खेळ चालवणारा. बाकीचे पाच पिझ्झ्याला प्रत्येकी 400 रुपये काढतात, तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही.

मागे एकाने मी विकत घेतलेल्याच फाइलची प्रिंट आणली, स्पायरल बाइंडिंग करून. पानापानावर खाली बारीक अक्षरात साइटने टाकलेलं माझं नाव आणि ऑर्डर नंबर. वर मलाच दाखवतोय, बघ कसलं भारी झालंय! म्हणजे झेरॉक्सवाल्याला पैसे द्यायचे, लिहिणाऱ्याला नाही. डोकंच फिरलं माझं.

2023 च्या जानेवारीत डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) हा गेम काढणाऱ्या विझार्ड्सने ओपन गेम लायसन्स, म्हणजे इतरांना त्यांच्या नियमांवर पुस्तकं काढू देणारं लायसन्स, बदलायला घेतलं तेव्हा हीच मंडळी छोट्या पब्लिशरांसाठी तावातावाने भांडत होती ना? मग आता एक पुस्तक घ्या की त्यांचं. फुकटच हवं असेल तर डीअँडडीच्या पाचव्या एडिशनचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली उघडे आहेत, ते उतरवून घ्या, हवे तेवढे वाटा. माझ्याकडून फाइल मिळणार नाही.