पुतण्याला ३९० नको म्हणालो, त्याचं कारण

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांना तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात ते." इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, अठरा पूर्ण झाली, पक्कं लायसन्स हातात पडलं आणि आता साहेबांना ३९० ड्यूक हवी आहे, केटीएमची ती दणदणीत ताकदीची मोटरसायकल. दादाची पैशाला ना नाही. वहिनीची गाडीलाच ना आहे. मी बावीस वर्षं मोटरसायकल चालवतोय, त्यामुळे दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत.

मी नाही म्हणालो. पोरगा रुसलाय. फोनवर त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. बारावीचे निकाल लागले की हा विषय बऱ्याच घरांत निघतो.

त्याला लायसन्स कसं मिळालं ते मी पाहिलंय. शिकला ॲक्टिव्हावर. टेस्टच्या दिवशी मित्राची शंभर सीसीची गाडी मागून आणली, आरटीओच्या ट्रॅकवर पाय न टेकता आठ काढला, पास झाला. वेग फार तर पंधराचा. आणि त्या कार्डावर लिहिलंय काय, तर गिअरची मोटरसायकल. शंभर सीसीची असो की हजारची, आपल्या कायद्याला दोन्ही सारख्याच.

युरोपात असं नाही. तिथे पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे साधारण १५ हॉर्सपॉवरच्या आतली गाडी. दुसऱ्या पायरीवर ३५ किलोवॅटपर्यंत. त्यानंतर पूर्ण मोकळीक, तीही दुसऱ्या पायरीवर दोन वर्षं काढल्यावर, नाहीतर थेट चोविसाव्या वर्षी. जपानमध्येही ४०० सीसीच्या वरच्या गाडीला वेगळं लायसन्स लागतं.

माझ्या मनाला लागतं ते पुढचं आहे. ड्यूक बनते आपल्या चाकणला. २०११ पासून इथून १२५ ड्यूक युरोपात जायला लागली, बरोबर त्या पहिल्या पायरीत बसणारी, तिथल्या नवशिक्या पोरांसाठी. आपल्या बाजारात मात्र २०१२ ला आधी २०० आली, २०१३ ला ३९० आली आणि १२५ यायला २०१८ उजाडलं. शिकायची गाडी आपल्या पोरांना सगळ्यात शेवटी मिळाली.

"काका, क्लासिक ३५० चालली असती ना तुम्हाला? मग ३९० मध्ये चाळीसच सीसी तर जास्त." हा त्याचा युक्तिवाद. सीसीवरून काही कळत नाही रे बाबा. क्लासिक ३५० ची ताकद वीस हॉर्सपॉवर आणि वजन १९५ किलोच्या आसपास. ३९० ची ताकद त्रेचाळीसच्या वर आणि वजन तिच्यापेक्षा बरंच कमी. स्प्लेंडर आठ हॉर्सपॉवरची. गाडी घेताना किती किलोला किती ताकद हे बघायचं असतं. आणि ती ताकद मनगट जरा हललं तर किती झपकन येते, हे त्याहून जास्त बघायचं.

मनगटाचंच सांगतो. लायसन्स मिळाल्याच्या आठवड्यात हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मित्राच्या ३९० वर बसला. मी जिन्याशी उभा होतो. क्लच पटकन सुटला, गाडी पुढे झेपावली. गाडी पुढे गेली की अंग मागे जातं, पडू नये म्हणून माणूस मूठ आवळतो, आवळताना मनगट खाली जातं आणि रेस आणखी पिळली जाते. म्हणजे ज्या मुठीला तो जीव वाचवायला धरतोय, तीच मूठ गाडी पळवत असते. पंधरा फुटांवर भिंत होती. दोन बोटं क्लचवर नेण्याएवढासुद्धा वेळ मिळाला नाही. हेडलाइट फुटला, गुडघा सोलवटला, थोडक्यात निभावलं. हीच चूक शंभर सीसीच्या गाडीवर झाली असती तर गाडी एक गचका देऊन बंद पडली असती. चूक तीच, पण ती सुधारायला वेळ मिळाला असता. पहिल्या गाडीकडून मला एवढाच वेळ हवा असतो.

माझी पहिली गाडी शंभरची, मग १५० पल्सर. त्या पल्सरवर पावसाळ्यात ताम्हिणी घाटात एका वळणावर जास्त वेगात शिरलो. पुढे खडी पसरलेली. मी बघत राहिलो खडीकडेच, आणि नजर जिकडे तिकडे गाडी. पुढचा ब्रेक एकदम मुठीत धरला, चाक घसरलं, कडेच्या गवतात जाऊन पडलो. तेव्हा वेग पंचेचाळीसचा असेल. वळणाआधीच्या सरळ पट्ट्यावर त्या गाडीने तेवढाच वेग घेतला होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे त्याला फिजिक्समध्ये शिकवलंय. नव्वदवर ते गवत मला पुरलं नसतं.

"एबीएस आहे" असं तो म्हणतो. आहे, आणि असलंच पाहिजे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. वळणात किती वेगाने शिरायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि ते कळायला एक अख्खा पावसाळा, थोडा घाट, थोडं रात्रीचं ड्रायव्हिंग अंगावरून जावं लागतं.

वहिनीची भीती उगाच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली ४४ टक्के दुचाकीवरची होती. आपल्याकडेही लायसन्सला पायऱ्या याव्यात असं मला मनापासून वाटतं. येतील तेव्हा येतील. तोवर ती पायरी घरानेच घालून द्यायची.

दादाला मी सांगितलंय ते असं. आत्ता १२५ किंवा १५० घे, सेकंडहँड घेतलीस तरी चालेल. उरलेल्या पैशातलं आधी चांगलं हेल्मेट, जॅकेट आणि ग्लोव्हज. दीड-दोन वर्षांनी मी स्वतः त्याच्या मागे बसून ताम्हिणी करीन. हात बसला असं मला वाटलं, तर ३९० बघायला शोरूममध्ये मीच घेऊन जाईन त्याला.

रविवारी सकाळी सहाला त्याला ग्राउंडवर बोलावलंय. माझी पल्सर अजून आहे. चाळीसवरून थांबायचं, पुढचा ब्रेक मुठीत न धरता दाबत न्यायचा, एवढंच तासभर करायचं. अजून त्याने हो म्हटलेलं नाही, पण मेसेज वाचलाय.