कॉर्नफ्लोअर पेटतं : ‘शंभर टक्के सुरक्षित आगी’च्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. ‘मावशी, आमच्या नाटकातल्या लाक्षागृहाच्या आगीचा प्रवेश सुटला! हे बघ.’ खाली एक लांबलचक फॉरवर्ड, मध्ये मध्ये ज्वाळांची चिन्हं. ‘बंद नाट्यगृहात भव्य आग, तीही शंभर टक्के सुरक्षित! प्रत्येक नाट्यसंस्थेपर्यंत पोहोचवा.’ सकाळपर्यंत तोच मजकूर मला आणखी दोघांकडून आला. त्यातला एक तर माझ्यासारखाच नाटकांचे दिवे लावणारा. भाच्याचं मी समजू शकते, तो एकोणीस वर्षांचा आहे. पण ज्याने आयुष्यभर रंगमंचावर टांगलेल्या कापडी झालरींच्या खाली उभं राहून काम केलं, त्याने न वाचता पुढे ढकलावं याचा मला राग आला. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर मशालीवर फुंकलं की आगीचा मोठा गोळा उठतो आणि लगेच विझतो. खायची वस्तू, त्यामुळे धोका नाही. स्पिरिटमध्ये पाणी घातलं की ‘थंड आग’ तयार होते. ठिणग्यांचं यंत्र ‘कोल्ड’ असतं, हात घातला तरी चालतो. कापड तुरटीच्या पाण्यात बुडवलं की जळत नाही. स्मोक डिटेक्टरला प्रयोगापुरती प्लास्टिकची पिशवी बांधावी. विंगेत अग्निशामक सिलिंडर ठेवला की झालं. आणि शेवटी, खोट्या आगीला प्रेक्षक हसतात.

कॉर्नफ्लोअरपासूनच सुरू करते, कारण माणसं मरतील ती या मुद्द्याने.

वाटीतल्या पिठाला काडी लावली तर ते काळं पडतं, धुमसतं, फार तर विझतं. हे पाहिलेलं असतं म्हणून ‘पीठ पेटत नाही’ यावर आपला विश्वास बसतो. ढिगाला हवा फक्त वरून मिळते. तेच पीठ हवेत उडालं की प्रत्येक कणाभोवती स्वतःची हवा असते. एक कण पेटला की शेजारचा पेटतो, आणि अख्खा ढग डोळ्याची पापणी लवायच्या आत जळून जातो. मेसेजवाला म्हणतो, ‘लगेच विझतो’. विझत नाही, संपतो. जेवढी उष्णता द्यायची तेवढी देऊन झालेली असते. बंद जागेत त्या तापलेल्या हवेला पसरायला वाट लागते, आणि ती वाट माणसांच्या अंगावरून जाते. पिठाच्या गिरण्यांमध्ये स्फोट होतात ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही. जे पीठ जळत नाही ते जातं कुठे? दहा तालमी केल्या तर दहा तालमींचं पीठ झालरींवर, दिव्यांच्या पाठीवर, वरच्या पाइपांवर आणि लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यांच्या, फटींत बसतं. पहिल्या छोट्या भडक्याने ते सगळं हादरून खाली येतं आणि पहिल्यापेक्षा मोठा ढग तयार होतो. गिरण्यांमध्ये पहिल्या स्फोटापेक्षा दुसरा जास्त जीव घेतो, तो असा. आणि फुंकणाऱ्याचं काय? मशालीकडून ज्वाळ पावडरीच्या पट्ट्यावरून उलटी येते. फुंकर मारल्यावर माणूस पुढची गोष्ट काय करतो, तर श्वास आत घेतो.

‘बंद नाट्यगृहात एवढं कुठे होणार’ असं ज्याला वाटतं त्याने तैवान आठवावं. 27 जून 2015 रोजी तिथल्या एका वॉटर पार्कमध्ये, पाणी काढलेल्या तलावात नाचगाण्याचा कार्यक्रम होता. गर्दीवर रंगीत पावडर उडवत होते. पावडर म्हणजे कॉर्नस्टार्च, म्हणजे आपलं कॉर्नफ्लोअर. ती पेटली. 15 जण गेले, पाचशेच्या आसपास लोक भाजले. तपासात बोट ठेवलं गेलं ते मंचावरच्या तापलेल्या दिव्यावर. मशाल नव्हती, कुणी मुद्दाम पेटवलं नव्हतं, आणि वर उघडं आकाश होतं. आपल्या नाट्यगृहात वर आकाश नसतं. वर लाकूड, कापड आणि वायरी असतात. आणि तैवानची ती पावडरही खायचीच वस्तू होती.

एक मान्य करते. वनस्पतीच्या बीजाणूंची पिवळी पावडर उडवून विजेचा लखलखाट दाखवायची पद्धत जुन्या रंगभूमीवर होती. मेसेजवाल्याने कुठेतरी ते वाचलं असणार. त्या काळातली थिएटरं एकामागून एक जळत होती, हेही त्याने वाचायला हवं होतं.

‘थंड आग’ हा अर्धसत्याचा नमुना. प्रयोगशाळेत पाणी घातलेल्या स्पिरिटमध्ये नोट भिजवून पेटवून दाखवतात, ज्वाळ उठते आणि नोट शाबूत राहते, हे खरं आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि कागद पेटायच्या तापमानाला पोहोचत नाही. पण ज्वाळ गरमच असते, थंड राहतो तो ओला कागद. नटाची बाही ओली नसते. बाटलीतलं मिश्रण ठिबकतं, कापडाची टोकं आधी सुकतात आणि मग कापडच पेटतं. शिवाय स्पिरिटची ज्वाळ फिकट निळी. झगझगीत प्रकाशात ती दिसत नाही. बाहीवर आग चढली हे नटाला कळतं ते भाजल्यावर. आणि ‘आग कमी पडली तर वरून थोडं ओता’ असं जे पुढे लिहिलंय ते वाचून तर अंगावर काटा येतो. ज्वाळ धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीच्या तोंडातून भाता फुंकल्यासारखी समोरच्यावर येते. कृपा करून हे कुणी करू नका.

ठिणग्यांच्या यंत्राचंही तसंच. ठिणगी एवढीशी असते म्हणून तिच्यात उष्णता कमी, हाताला चटका जाणवत नाही, इथवर ठीक. पण ती जळत्या धातूची कणी असते. यंत्राचं तोंड तापतं, न जळलेली पूड खाली सांडते, आणि धातूची पूड पेटली तर पाणी मारून ती आणखी भडकते. विंगेतला पोरगा घाईत पाण्याची बादलीच उचलणार.

तुरटीबद्दल थोडं नमतं घेते. क्षार मुरवून कापडाचं जळणं मंद करता येतं. फ्रान्सच्या राजाच्या सांगण्यावरून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने 1821 मध्ये नाट्यगृहातल्या कापडांसाठी हेच काम केलं, अमोनियम फॉस्फेट आणि बोरॅक्स वापरून. म्हणजे विद्या जुनी आहे आणि खरी आहे. पण एक धुलाई झाली की क्षार गेले. नायलॉन-पॉलिस्टरवर ते नीट बसत नाहीत, आणि ते कापड वितळून कातडीला चिकटतं. प्रक्रिया केलेलं कापडही जळतं, फक्त सावकाश. तुकडा कापून, बाहेर मोकळ्यावर नेऊन, ज्वाळेवर धरून पाहिल्याशिवाय माझ्या प्रकाशाखाली मी एकही झालर टांगू देत नाही.

आता पिशवी आणि सिलिंडर. 30 डिसेंबर 1903, शिकागोचं इरोक्वा थिएटर. उघडून सव्वा महिना झाला होता. ‘पूर्णपणे अग्निरोधक’ अशी जाहिरात. दुपारचा खेळ, सुट्टीचे दिवस, घर बायकामुलांनी भरलेलं. एका आर्क दिव्याची ठिणगी शेजारच्या मलमलीच्या पडद्याला लागली. दिव्यावरच्या माणसाने हाताने झटकून विझवायचा प्रयत्न केला. विझवायला काय होतं? पत्र्याच्या नळ्यांत भरलेली पूड, जी हाताने उधळायची. ज्वाळ तोवर डोक्यावर, झालरींत गेली होती. पूड खालीच राहिली. ॲस्बेस्टॉसचा सुरक्षा पडदा सोडला तर तो मध्येच अडकला. रंगमंचावरून धूर वर जायची झडपं बंद होती. नट मागच्या दाराने पळाले, ते दार उघडताच वारा आत आला आणि आगीचा लोळ अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षकांत घुसला. बाहेर पडायची कितीतरी दारं कुलपात किंवा उघडता न येणारी. 602 माणसं गेली.

ही हकिकत मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण मेसेजमधले अर्धे मुद्दे तिथेच निकालात निघतात. आग आडवी पसरायच्या आधी वर चढते, आणि वरच आपलं सगळं कापड टांगलेलं असतं. विंगेत उभ्या असलेल्या सिलिंडरचा फवारा तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. सिलिंडर हवाच, चालवता येणारा माणूस हवा, त्याच्याकडे दुसरं काहीही काम नको. पण तो शेवटचा उपाय. आणि डिटेक्टरला पिशवी म्हणजे सहाशे माणसांच्या डोळ्यांवर पट्टी. धुरामुळे घंटा वाजत असेल तर धुराचं यंत्र कोणतं, किती वेळ, याची तालीम नाट्यगृहाच्या माणसांना सोबत घेऊन करायची असते.

मोठ्या निर्मितींमध्ये खरी आग वापरतात का? वापरतात. बंद नळीतून गॅस, वाटेत एकामागे एक दोन झडपा, आणि बटण दाबून धरलं तरच ज्योत. बोट उचललं की बंद. ते बटण धरणाऱ्याला पूर्ण रंगमंच दिसलाच पाहिजे, नट ठरल्या जागी नसेल तर तो आग देतच नाही. अमेरिकेत प्रेक्षकांसमोरच्या ज्वाळांसाठी एनएफपीए 160 नावाचं स्वतंत्र मानक आहे, त्यावरून कामाचा आवाका समजावा. असलं काम फॉरवर्ड वाचून होत नाही.

राहिला ‘प्रेक्षक हसतात’. वाईट केलं तर हसतात. कागदी ज्वाळा मागेपुढे हलवल्या की हसणारच. पण आग दाखवायची म्हणजे ज्वाळा दाखवायच्या हा हट्ट कशाला? आगीत माणूस पाहताना आपण त्याचा चेहरा बघतो. खालून, पायांच्या उंचीवरून, तीन दिवे लावा : एक लालसर, एक नारिंगी, एक फिकट पिवळा. तिघांचा डिमर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचा खटका, वेगवेगळ्या हातात द्या आणि एकमेकांकडे न बघता हलवायला सांगा. मशीनवर एकच चक्र लावू नका, दुसऱ्याच मिनिटाला डोळ्याला ताल सापडतो. ज्वाळा हव्याच असतील तर पातळ रेशमाच्या जिभेसारख्या पट्ट्या कापा, उंची एकसारखी ठेवू नका, खाली पंखा, प्रकाश पट्ट्यांच्या बुडाशी. टोकं अंधारात विरली पाहिजेत. टोक दिसलं की कापड दिसतं. त्याच्या पुढे थोडी वाफ सोडली की कडा पुसट होतात.

एका तालमीत आम्ही हे लावलं होतं. नटीने हात पुढे केला आणि मागच्या भिंतीवर तिच्या बोटांची सावली थरथरायला लागली. पंखा चालू होता, रेशीम वाऱ्याने फडफडत होतं, आणि तिने हात झटकन मागे घेतला. नाटकात तसं लिहिलेलं नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, चटका बसेल असं वाटलं.

भाच्याला मी फोन केला. लाक्षागृह लाख, राळ, तूप भरून जळण्यासाठीच बांधलं होतं, म्हटलं, आणि प्लायवूड, रंग, कापड, थर्मोकोल घालून तुम्हीही नकळत तेच उभं केलंय. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, ‘मावशी, पट्ट्या किती लांब कापायच्या?’ सगळ्यात लांब तुझ्या खांद्यापर्यंत, म्हटलं, बाकीच्या त्याहून लहान. रविवारी तीन डिमर आणि दोन पंखे घेऊन जाते आहे. कॉर्नफ्लोअरचं पाकीट त्याने विंगेतून उचललं का, ते आधी बघणार आहे.