प्रेस्टविकचे आठ जण आणि आपले क्लब

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. मूठभरांच्या हौसेसाठी शहरातली एवढी जमीन का अडवायची? धाकट्या भावाचं म्हणणं, गोल्फची मैदानं काढून घ्या आणि बागा करा. त्याचा राग रास्त आहे. पण स्कॉटलंडमध्ये राहून मला वाटू लागलंय की त्याचा रोख चुकतोय.

इथे सुरू झालेल्या 'द ओपन' या गोल्फच्या जुन्या, मानाच्या स्पर्धेचाच इतिहास पाहा. 17 ऑक्टोबर 1860 ला स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकला ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा उतरले आठ जण, सगळे व्यावसायिक. बड्यांच्या काठ्या वाहणारे, काठ्या आणि चेंडू बनवून पोट भरणारे. बारा होलचं, म्हणजे चेंडू घालायच्या बारा खळग्यांचं मैदान, एकाच दिवसात तीन फेऱ्या; सगळ्यांत कमी फटके मारणारा विजेता. मसलबराचा विली पार्क 174 फटक्यांत जिंकला. टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. बक्षीस काय, तर लाल चामड्याचा, चांदीच्या बकलचा पट्टा, तोही वर्षभरापुरता. पैसा एक नाही. पुढे टॉमच्या मुलाने 1868 ते 1870 सलग तीनदा जिंकून तो पट्टा कायमचा घरी नेला आणि 1871 साली स्पर्धाच झाली नाही. आजची ट्रॉफी, चांदीचा क्लॅरेट जग, आली ती त्यानंतर.

खेळ कष्टकऱ्यांच्या हातात होता, क्लब मात्र साहेबांचे. 1920 साली इंग्लंडमधल्या डीलला, ओपनच्याच वेळी, वॉल्टर हेगनसारख्या नामांकित खेळाडूलाही क्लबहाऊसमध्ये घेतलं नाही, कारण तो व्यावसायिक. त्याने दारासमोर मोटार उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले.

बायकांची वाट तर याहून लांबची. ओपन भरवणाऱ्या मैदानांपैकी एक असलेल्या, स्कॉटलंडमधल्या म्यूरफील्डच्या क्लबने 2016 साली महिलांना सदस्यत्व नाकारलं; बहुमत बाजूने होतं, पण लागणारं दोन तृतीयांश भरलं नाही. ओपनची आयोजक संस्था 'आर अँड ए'ने त्याच दिवशी सांगितलं, मग ओपन तुमच्याकडे नाही. वर्षाच्या आत फेरमतदान झालं आणि दार उघडलं. स्पर्धा हातची जाईल म्हटल्यावर परंपरा किती पटकन वाकते!

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे ओपनचं मैदान सार्वजनिक मालकीचं आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद. ज्या हिरवळीवर ओपन रंगते, तिथे बाबागाड्या ढकलत आईबाप फिरतात, कुत्री वाळूच्या खड्ड्यांकडे धाव घेतात, कुणी हटकत नाही.

आपल्याकडे दिल्लीच्या गोल्फ क्लबमध्ये 2017 साली मेघालयच्या एका बाईंना पारंपरिक पोशाखावरून जेवणाच्या टेबलावरून उठवलं गेलं. त्याच वर्षी इंडियन ओपन ही आपली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा सलग दुसऱ्यांदा जिंकली एस. एस. पी. चौरसियाने. त्याचे वडील कोलकात्याच्या मैदानाची निगा राखायचे. अशी किती पोरं कुंपणाबाहेर राहिली असतील, या विचाराने जीव तुटतो.

म्हणून भावाला लिहिलं: बागेची मागणी जरूर कर, पण आधी हे माग. जो क्लब कॅडींच्या (काठ्या वाहणाऱ्यांच्या), माळ्यांच्या मुलांना आठवड्यातून ठरावीक वेळ मैदान देत नाही आणि आठवड्यातला एक दिवस गावाला फिरायला खुला ठेवत नाही, त्याला राष्ट्रीय स्पर्धा देऊ नका.