‘राज्याचा चौथा हप्ता ३१ डिसेंबरच्या आत भराच’: हा सल्ला प्रत्येकाला लागू नाही

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो. मजकूर साधारण असा: “राज्याच्या एस्टिमेटेड टॅक्सचा चौथा हप्ता १५ जानेवारीला असतो, तो ३१ डिसेंबरच्या आतच भरा, म्हणजे वजावट याच वर्षी पडते. फेडरल रिटर्नमध्ये ती पूर्ण मिळते. जमेल तेवढा जास्त भरा, उरलेलं राज्य परत देतंच. तोटा कुणालाच नाही.” (एस्टिमेटेड टॅक्स म्हणजे पगारातून न कापलेला, आपणच अंदाजाने हप्त्यांत भरायचा कर.)

यातलं ‘याच वर्षी पडते’ एवढंच बिनतक्रार बरोबर. पगारदारांचा हिशेब रोख पद्धतीचा असतो. कर कोणत्या वर्षाचा आहे हे न बघता पैसे कधी भरले ते बघितलं जातं. महाराष्ट्रातला व्यवसाय कर जुन्या करपद्धतीत भरला त्या वर्षीच पगारातून वजा होतो, तसंच हे. २०२६ च्या कराचा हप्ता ३१ डिसेंबर २०२६ ला भरला तर तो २०२६ च्या शेड्यूल ए वर (फेडरल रिटर्नमधला वजावटींचा तक्ता) जातो, १५ जानेवारी २०२७ ला भरला तर २०२७ च्या.

“पूर्ण मिळते.” आधी स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट मिळणारी ठरावीक वजावट, ओलांडायला हवं. २०२६ साठी ते एकट्या माणसाला १६,१०० आणि जोडप्याला ३२,२०० डॉलर आहे. गृहकर्ज नाही, दानधर्म बेताचा, अशा घरात आयटमाइज करण्याचा, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवण्याचा, प्रश्नच येत नाही आणि हप्ता कधीही भरला तरी फेडरल करात एका डॉलरचाही फरक पडत नाही.

मग येते ‘सॉल्ट’ची (स्टेट अँड लोकल टॅक्स) मर्यादा. राज्याचा आयकर आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून वजावट २०१८ ते २०२४ या काळात १०,००० डॉलरवर अडकलेली होती. २०२५ साठी ती ४०,००० झाली, २०२६ साठी ४०,४०० आहे. पण २०२६ मध्ये उत्पन्न ५ लाख ५ हजारांच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या ३० टक्के इतकी ती खाली येते, १०,००० च्या खाली मात्र जात नाही. ५ लाख ५५ हजार उत्पन्न असेल तर उरतात २५,४००. साधारण ६ लाख ६ हजारांच्या पुढे सगळे १०,००० वर. डिसेंबरात आरएसयू (कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर) मोकळे झाले की ही मर्यादा हातातल्या हातात आकसते, आणि निरोपात तिचा उल्लेखही नसतो.

न्यू जर्सीतलं घर, भरभक्कम प्रॉपर्टी टॅक्स, पगारातून कापलेला राज्याचा कर. या दोघांनीच मर्यादा भरली असेल तर डिसेंबरात भरलेल्या हप्त्याची वजावट कायमची गेली. ती पुढच्या वर्षी ओढता येत नाही. तोच हप्ता जानेवारीत भरला असता तर २०२७ च्या मर्यादेत, जागा असल्यास, बसला असता. अशा घराला निरोप नेमका उलटा सल्ला देतो.

एएमटी (पर्यायी किमान कर) लागत असेल, म्हणजे आयएसओ (कंपनीचे शेअर ठरल्या भावाने घेण्याचा हक्क) वापरून शेअर घेऊन ठेवले असतील, तर फॉर्म ६२५१ वर राज्याचे कर पुन्हा उत्पन्नात मिळवले जातात. त्या वर्षी डिसेंबरची धावपळ बहुधा फुकट.

“तोटा कुणालाच नाही.” ज्यांना तो नाही त्यांनाही फायदा केवढा, ते मांडून पाहू. कॅलिफोर्नियातलं जोडपं, उत्पन्न ३ लाख. प्रॉपर्टी टॅक्स १४,०००, पगारातून कापलेला राज्याचा कर १५,०००, गृहकर्जाचं व्याज १२,०००. बेरीज ४१,०००, म्हणजे आयटमाइज करणारच. ६,००० चा हप्ता डिसेंबरात भरला तर सॉल्ट ३५,००० होतं, मर्यादेच्या आत. २४ टक्क्यांच्या टप्प्यात १,४४० डॉलर वाचले. पण पुढच्या वर्षीही परिस्थिती हीच राहिली तर जानेवारीत भरूनही हेच १,४४० एक वर्ष उशिरा मिळाले असते. खरी कमाई त्या १,४४० वरचं वर्षभराचं व्याज: ४ टक्क्यांनी सुमारे ५८ डॉलर, त्यातून ६,००० वर पंधरा दिवसांचं बुडालेलं व्याज, १० डॉलर, वजा. शिवाय दरवर्षी असंच केलं तर फायदा पहिल्याच वर्षी. नंतर जानेवारीचा एक गेला, डिसेंबरचा एक आला.

दोन वर्षं वेगळी असतील तेव्हा मात्र घाई करावीच. यंदा शेअर विकून दर चढलाय आणि पुढच्या वर्षी उतरणार आहे. किंवा मार्चमध्ये टेक्ससला जाताय: तिथे राज्याचा आयकर नाही, पुढच्या वर्षी स्टँडर्ड डिडक्शनच घेणार. मग जानेवारीत भरलेला हप्ता वाया जाईल. मर्यादेत जागा असेल तर डिसेंबरातच भरा.

“जमेल तेवढा जास्त भरा.” निरोपातलं सर्वांत घातक वाक्य हेच. देणं ६,००० आहे हे दिसत असताना २५,००० पाठवले, तर वरच्या रकमेला वजावट नाही. १९८२ च्या रेव्हेन्यू रुलिंग ८२-२०८ (फेडरल करखात्याचा निर्णय) नुसार भरताना देण्याचा वाजवी, प्रामाणिक अंदाज असावा लागतो. वर्षभराचं उत्पन्न मांडून राज्याचा कर काढा, कापलेला आणि आधीच्या हप्त्यांत भरलेला कर वजा करा, तो कागद जपून ठेवा. अंदाज थोडा चुकून परतावा आला तर १०९९-जी (परताव्याची रक्कम कळवणारा फॉर्म) येतो आणि ज्या रकमेने फेडरल कर खरोखर कमी झाला होता तेवढीच उत्पन्नात धरली जाते. वजावट मर्यादेमुळे मिळालीच नव्हती, तर तेवढा परतावा करमुक्त.

आता भरण्यातल्या चुका. कॅलिफोर्नियात हप्ते ३०, ४०, ०, ३० टक्के असे पडतात, म्हणजे जानेवारीचा हप्ता चौथाई नसून ३० टक्के. ऑनलाइन भरताना कर-वर्ष २०२६ निवडा. जानेवारीत भरणारे सवयीने २०२७ निवडतात आणि राज्याकडून कमी भरल्याची नोटीस येते. ३१ डिसेंबरच्या रात्री बँकेची वेळ टळली तर तारीख ४ जानेवारीची पडू शकते, कारण १ तारखेला सुट्टी आणि पुढे शनिवार-रविवार. २८-२९ तारखेपर्यंत उरका आणि स्टेटमेंटवरची तारीख तपासा.

सॉफ्टवेअरमध्ये हप्त्याची खरी तारीख घाला. जानेवारी २०२६ मध्ये भरलेला २०२५ चा हप्ता २०२६ च्या शेड्यूल ए वर घ्यायचा असतो, तो हमखास विसरला जातो. आणि कर दोन वर्षांत विभागून भरलेला असेल तर त्यावरचा परतावाही त्याच प्रमाणात विभागायचा: जानेवारीच्या हप्त्याच्या वाट्याला आलेला परतावा उत्पन्नात धरायचा नाही, त्या वर्षीच्या वजावटीतून कमी करायचा. १०९९-जी वर मात्र सगळा परतावा एकाच आकड्यात छापलेला असतो.