उघड्या फाईलचे नाव

गेले काही रविवार मी आईच्या आठवणी वर्डमध्ये टंकून घेत आहे. आज सकाळी ती सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "त्या फाईलला माझं माहेरचं नाव दे रे." नाव बदलायला गेलो, तर संगणकाने बजावले की फाईल उघडी आहे, आधी बंद करा. चिडून बंद करताना 'सेव्ह करू नका' यावर बोट पडले आणि ग्वाल्हेरच्या वाड्याविषयीचे पाऊण तासाचे बोलणे गेले. चूक माझीच, पण ती वेळ यावीच का?

युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीत, आणि म्हणून तिच्याच वळणाच्या लिनक्स व मॅकवरही, नाव म्हणजे फाईल नव्हे. नाव ही डिरेक्टरीतील, म्हणजे फोल्डरमधील, केवळ एक नोंद असते; प्रोग्रॅमने फाईल एकदा उघडली की तो थेट तिच्या आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या तिच्या मूळ नोंदीला, धरून राहतो आणि बाहेर नाव बदलले तरी त्याचे काही अडत नाही. 'रिनेम' हा स्वतंत्र सिस्टम कॉल, म्हणजे नाव बदलण्यासाठी प्रोग्रॅमने प्रणालीकडे करायची मागणी, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आला, म्हणजे ही काही कालपरवाची विद्या नाही. विंडोजमध्ये मात्र फाईल उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ती हटवण्याची मुभा इतरांना दिलेली नसेल, तर तिचे नावही बदलता येत नाही. हटवणे आणि नाव बदलणे यांना एकच परवानगी, हा कुठला न्याय?

आईचे नाव बदलले तेव्हा ती समोर पाटावरच बसलेली होती. ताम्हणातल्या तांदळात अंगठीने नवे नाव उमटले, तिला कोणी विचारले नाही, आणि आतले एकोणीस वर्षांचे माणूस तसेच पुढे चालू राहिले.

युनिक्सच्या रीतीतही घोळ होतो, हे मान्य करावे लागेल: काही एडिटर फाईलचा जुना पत्ताच लक्षात ठेवतात आणि सेव्ह करताना जुन्या नावाची दुसरी फाईल करून मोकळे होतात. ग्वाल्हेरचे मामाही आईला जुन्याच नावाने पत्रे पाठवीत, आणि इंदूरला रामबागेतल्या आमच्या दारात उभा राहून पोस्टमन विचारी, या बाई इथे कोण?

सकाळइतका राग आता उरलेला नाही. माझ्या संगणकाने निदान 'उघडी आहे' एवढे पाहून नकार तरी दिला. त्या मांडवात तेवढेही कोणी पाहिले नव्हते.

संध्याकाळी आई वाड्याची हकीकत पुन्हा सांगायला बसली. या वेळी मी आधी फाईलला तिचे माहेरचे नाव दिले आणि मगच ती उघडली.