‘सहा महिने कोंडा, दारू सुटते’: तालमीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परवा मेसेज फिरला: “बेवड्याला विचारत बसू नका. घरच्यांची सही पुरे. सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात कोंडा, माणूस कायमचा सुधारतो.” खाली अंगठ्यांची रांग. रोज रात्री ज्यांच्या घरात भांडी आपटतात, त्यांना हे का पटतं ते मला कळतं. पण मेसेज कच्चा आहे.

सही पुरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात. संमतीशिवाय दाखल करायचं तर त्याच्या प्रतिनिधीचा (कायद्यानं त्याच्या वतीनं बोलणाऱ्याचा) अर्ज लागतो, दोघा तज्ज्ञांची वेगवेगळी तपासणी लागते (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ) आणि आजार तेवढा गंभीर असावा लागतो. मुदत ३० दिवस. पुढे ठेवायचं तर या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी. रात्री गाडी आणून माणूस उचलणं यात कुठेच बसत नाही.

‘कायमचा सुधारतो’ म्हणाल, तर २०१६ साली ड्रग्जच्या व्यसनावरच्या सक्तीच्या उपचारांचे ९ अभ्यास एकत्र तपासले गेले. तिनांत काही फरक दिसला नाही, दोनांत चित्र धूसर, दोनांत गुन्हे उलट वाढले. फायदा दिसला तो फक्त दोनांत. १२ संयुक्त राष्ट्र संस्थांनी तर २०१२ मध्येच असली सक्तीची केंद्रं बंद करा म्हणून सांगितलं होतं.

खरा धोका मेसेजमध्ये सांगितलेलाच नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत थरकाप, फिट, भास सुरू होऊ शकतात. डॉक्टर नसेल तर जीवही जातो. ब्राऊन शुगरवाल्याचं उलटं: कोंडून ठेवल्यावर शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन तो जुनाच डोस घेतो आणि तिथंच संपतो.

‘विचारत बसू नका’ यातलं अर्धं मान्य. केंद्रात येणारे कितीतरी जण बायकोच्या नाहीतर आईच्या रेट्यानंच येतात. माणूस भ्रमात असेल, अंगावर धावत असेल, तर तातडीनं दवाखाना गाठायलाच हवा. पण रेटा वेगळा आणि कुलूप वेगळं. आधी सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) मानसोपचार विभागात जा, नाहीतर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत.

आणि “रश्श्यातून गुपचूप गोळी द्या” म्हणणाऱ्या भावा, ती बहुतेक डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायला देतात त्या औषधाची असणार. ती पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो, हृदयाचे ठोके बिघडतात. त्याला न सांगता ती देऊ नकोस.